हडसनवरचा तो पूल जळून पडला नव्हता हो

न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीच्या 'वॉकवे ओव्हर द हडसन' या हडसन नदीवरच्या पादचारी पुलाचे फोटो फिरतायत, खाली लिहिलंय की जुना रेल्वे पूल १९७४ च्या आगीत कोसळला आणि २००९ ला चालणाऱ्यांसाठी नवीन बांधला. अर्धं खरं, अर्धं थापा.

आग लागली होती, ८ मे १९७४ ला. पण जळलं काय, तर रुळाखालचे लाकडी स्लीपर आणि फळ्या, साधारण ७०० फुटांचा पट्टा. स्टीलचा सांगाडा जागच्या जागी उभा होता. मग दुरुस्ती का नाही केली? कारण मालक पेन सेंट्रल रेल्वे कंपनी आधीच दिवाळखोरीत, तिला कशाला पडलीय, ट्रॅफिक दुसरीकडून वळवलं आणि पूल दिला सोडून. पुढे १९८४ ला तो चक्क एका डॉलरला विकला गेला!

१९९८ मध्ये एका स्वयंसेवी संस्थेच्या ताब्यात आला, आणि नंतर जुन्याच सांगाड्यावर काँक्रीटचे तयार स्लॅब टाकून ३ ऑक्टोबर २००९ ला लोकांसाठी उघडला. म्हणजे आज आपण चालतो तो स्लॅब नवा, पण खालचं स्टील बरंचसं १८८९ च्या पुलाचंच, जो पेनसिल्व्हेनियाचा कोळसा न्यू इंग्लंडला, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागात न्यायला बांधला होता. लांबी ६,७६८ फूट, पाण्यापासून उंची २१२.

आणि त्या फोटोंपैकी एकात गाड्या धावताना दिसतात ना, तो शेजारचा १९३० चा मिड-हडसन ब्रिज आहे, हा नाहीच.