होडी बांधतास काय कपाट?

निवृत्त होऊन गावी परतलेल्या माणसानं काय करावं, याविषयी आमच्या गावाचं मत पक्कं आहे. कलमांना खत घालावं, देवळाच्या समितीत भांडावं आणि संध्याकाळी तिठ्यावर बसून मुंबईत एके काळी वडापाव केवढ्याला मिळायचा ते सांगावं. होडी बांधणं यात बसत नाही. आमचं घर कर्लीच्या खाडीकाठी, देवबागच्या संगमापासून थोडं आत. इथे होडी असणं नवलाचं नाही, ती आपल्या हातानं बांधायला घेणं नवलाचं. ते मेस्त्रींचं काम. हल्ली तर मेस्त्रींचंही राहिलेलं नाही, कारण होड्या बहुतेक फायबरच्या येतात आणि आंब्याफणसाच्या जुन्या होड्या माडाखाली पालथ्या पडलेल्या असतात. त्यांच्यावर कोंबड्या बसतात.

सागाचा भाव ऐकून मी प्लायवूडकडे वळलो. प्लायच्या होडीची एक रीत आहे. आराखड्याप्रमाणे फळ्या कापायच्या, कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं फळ्या एकमेकींना शिवायच्या, सांध्यात इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव कालवून होणारा पक्का डिंक, भरायचं, ते सुकलं की तारा उपटून टाकायच्या आणि वरून काचेच्या धाग्याचं कापड चिकटवायचं. १९६० च्या दशकात इंग्लंडात ‘डेली मिरर’ या दैनिकानं याच रीतीची ‘मिरर’ नावाची छोटी शिडाची होडी लोकांपुढे आणली आणि तशा ७०,००० हून अधिक होड्या बांधल्या गेल्या. वर्तमानपत्रानं वाचकांना होडी बांधायला लावली! आमची वर्तमानपत्रं फार तर स्टीलचा डबा देतात, तोही वर्षभर कुपनं चिकटवल्यावर.

प्लाय आणायला गेलो तेव्हा दुकानदारानं विचारलं, “किचन की बेडरूम?”

“खाडी,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि मुलाला हाक मारून ‘७१०’ काढायला सांगितलं. हा मरीन प्लायचा आयएस, म्हणजे भारतीय मानकाचा, क्रमांक. ७२ तास पाण्यात उकळूनही ज्याचे थर सुटत नाहीत तो या परीक्षेत पास. ही माहिती मी घरी अभिमानानं सांगितली. बायको म्हणाली, “पण आपल्या खाडीचं पाणी उकळतं कुठे?” संसारात काही प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

प्लायचा ताव आठ फुटी आणि होडी पंधरा फुटी. म्हणजे दोन ताव जोडणं आलं. नुसती कड कडेला लावून चालत नाही. दोन्ही कडा जाडीच्या आठपट लांबीच्या उतारावर तासायच्या आणि एकीवर एक बसवून चिकटवायच्या. ६ मिलीमीटर जाडीला ४८ मिलीमीटर उतार. रंधा मारताना प्लायचे थर एकेक करून पट्ट्यांसारखे उघडे पडतात. पट्टे सरळ तर उतार सरळ. माझ्या पट्ट्यांनी कर्ली नदीची वळणं घेतली होती. ती सरळ होईपर्यंत तासलं, तेव्हा पंधरा फुटांतला काही भाग अंगणातल्या भुशात जमा झाला. तो भुसा मी फेकला नाही. बारीक चाळून इपॉक्सीत कालवला की सांधे भरायची उत्तम लापशी होते. कुठल्या चाळणीनं चाळला, हा घरातला वेगळा विषय आहे.

मग शिवण. तारेवर उभी राहिलेली ती होडी आदल्या रात्री कच्चा दोरा घालून टाचलेल्या ब्लाउजसारखी दिसत होती. हात लावायची सोय नाही आणि मापाविषयी शंका. वाडीतले मेस्त्री रोज सकाळी बिडी ओढत यायचे. त्यांच्या तीन पिढ्या होड्या बांधण्यात गेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, “भाऊनू, होडी बांधतास काय कपाट?”

सांधे भरून सुकले, मी पक्कड घेऊन तारा ओढायला बसलो, तेव्हा तर ते खालीच बसले. “शिवलास कित्याक आणि उसवतास कित्याक?”

त्यांचं बरोबरच होतं. आपल्या किनाऱ्यावर फळ्या काथ्यानं शिवायच्या त्या कायमच्या शिवायच्या. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात ‘कौंडिण्य’ नावाचं जहाज बांधलं गेलं आणि २०२५ साली कारवारला ते नौदलात दाखल झालं. तेही काथ्यानंच शिवलेलं. मी त्यांना मोबाईलवर त्याचा फोटो दाखवला. मेस्त्रींनी तो लांब धरून पाहिला. “हेनी उसवल्यानी नाय,” ते म्हणाले आणि मोबाईल परत दिला.

खरा छळ इपॉक्सीचा. आमच्या डब्यावर लिहिलं होतं, वजनानं दोन भाग रेझिन, एक भाग हार्डनर. यात कमीजास्त झालं तर ते जन्मभर चिकट राहतं. म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल तराजू बाहेर आला आणि ताकाचा मगही आला. एप्रिलची दुपार. दोन्ही द्रव मगात ढवळले आणि ब्रश शोधायला वळलो, तेवढ्यात मगातून धूर. हे मिश्रण सुकताना स्वतःच तापतं. खोल भांड्यात ती उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे ते आणखी तापतं आणि आणखी लवकर सुकतं. बायको धावत आली, कारण तिला वाटलं गॅसवर काहीतरी राहिलं. मगात तोवर एक सुंदर, पारदर्शक, मगाच्याच आकाराचा खडा तयार झाला होता. तो अजून आमच्या दाराला टेकू म्हणून आहे. तेव्हापासून इपॉक्सी कालवलं की लगेच ताटलीत पसरायचं, असा नियम झाला आणि घरातल्या ताटल्यांना उतरती कळा लागली.

उन्हाळ्यात असा धूर, तर जूनमध्ये नवीनच प्रकार. हवेत दमटपणा असला की सुकलेल्या थरावर तुपकट साय येते. ती धुऊन घासून काढली नाही तर वरचा थर पुढे सोलून निघतो. म्हणजे थर द्यायचा, सुकवायचा, धुवायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, पुसायचा, की पुढचा थर. कोकणातल्या पावसात वस्तू ‘सुकवणं’ ही मुळात श्रद्धेची बाब आहे. इथे रुमाल सुकत नाही. शिवाय काचेच्या कापडाची धूळ अंगाला लागली की माणूस रात्रभर खाजवत स्वतःच्या छंदांविषयी विचार करतो. या काळात रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण कुंपणावरून एकच प्रश्न विचारत होता, “झाली काय?” काही जण तर घरी विसरलेली छत्री न्यायला परतताना पुन्हा विचारत.

नारळी पौर्णिमेनंतर एकदाची ती पाण्यात घालायची ठरली. वजन तीसेक किलो, दोघांचं काम. आले अकरा जण. उचलायला दोघे आणि बाकीचे “डाव्या अंगान, डाव्या अंगान” म्हणायला. वाडीतल्या सर्वांत वडील आजोबांनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान आपल्या हातान होडी बांधल्यान हा...”

“व्हय म्हाराजा!”

“ती प्लायची आसा...”

इथे क्षणभर शांतता पसरली. मग, जरा दबक्या आवाजात, “व्हय म्हाराजा!”

“तरी ती तरती ठेव रे म्हाराजा!”

याला मात्र जो गजर झाला, तितका कुणाच्या लग्नाच्या गाऱ्हाण्याला मी ऐकलेला नाही.

ती तरली. डुगडुगली, पण तरली. मी वल्ही मारत पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आलो. मेस्त्री काठावर उकिडवे बसून पाण्याकडे बघत होते. बाकीचे पाणी किती आत आलं ते बघायला आले होते, ते निराश होऊन घरी गेले.

पण होडीचं खरं आयुष्य पाण्यात उतरल्यावर सुरू होतं आणि ते मुख्यतः दुरुस्तीचं असतं. खाडीतल्या खडकांना कालवं लागलेली असतात. खायला अप्रतिम, पण त्यांच्या शिंपांची धार अशी की तळाचा रंग, कापड आणि वरचा थर एका ओरखड्यात जातो. भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते, उधाणाला पाणी पायरीपर्यंत येतं आणि भांगाला, म्हणजे मंद भरतीच्या दिवसांत, होडी चिखलात बसते. दोन दिवस गाफील राहिलं की कालवांची आणि तिची गाठ पडलीच. आणि खाऱ्या पाण्यात उघडं लाकूड सापडलं की ते पोखरायला जहाजकिडा टपलेला असतो. हा किडा नव्हेच, शिंपल्याच्या कुळातला प्राणी. १५०३ साली यानंच पोखरून कोलंबसाची उरलीसुरली जहाजं जमैकाच्या किनाऱ्याला लावली होती. जुन्या होड्यांना मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल चोपडतात. वासानं किडे किती पळतात कोण जाणे, पाहुणे नक्की पळतात.

तर एका ओरखड्याची डागडुजी राहिलेली असताना डोंबिवलीला भाचीचं लग्न निघालं. होडी अंगणात उलथी करून, झाप घालून, आम्ही आठवडाभर गेलो. परत आलो तर होडी सुलटी, आणि गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेली. शेजारी पंपाची नळी. मेस्त्री समाधानानं बिडी ओढत होते.

“उन्हान सुकत होती ओ. फटी पडल्यो असत्यो. मी भरून ठेवलंय.”

माझ्या तोंडून शब्द फुटेना. फळ्यांच्या होडीला हे अमृत आहे. कोरडी पडली की तिच्या फळ्या आकसतात आणि फटी पडतात. पाणी प्यायली की फुगून सांधे घट्ट बसतात. त्यांच्या आजोबांनी हेच केलं, वडिलांनी हेच केलं, आणि माझ्यासाठी त्यांनी रोज दोन वेळा पंप लावून हेच केलं होतं. प्लायचं शास्त्र नेमकं उलटं. तिला आतून पाणी म्हणजे विष. ओरखड्यातून ती पाणी प्यायली होती आणि तळाशी एक काळा फुगवटा आला होता. एवढ्या मायेनं केलेल्या नुकसानीबद्दल माणसाला चहाच द्यावा लागतो. दिला.

सडलेला तुकडा कापला, कडा पुन्हा आठपट उतारावर तासल्या, तसाच उतार दिलेला तुकडा बसवला, आत-बाहेर कापड, पुन्हा थर, पुन्हा साय, पुन्हा घासणं. कुंपणावरून पुन्हा “झाली काय?” एव्हाना मला एवढं कळलं होतं की माझ्या घरी होडी नाही, होडीच्या घरी मी आहे. ती आमच्या ओसरीत झोपते. मोटारसायकल पावसात.

आणि मग एका सकाळी मेस्त्री बिडी न पेटवताच आले. कानामागे ठेवलेली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, “भाऊनू, तो तुमचो डिंक उरलोहा काय थोडो?”

पुतण्याची फायबरची होडी कालवांवर घासून तळाला चीर गेली होती. मी मोठ्या मनानं दोन्ही डबे काढले, तराजू काढला, ताटली काढली, दोनास एकचं प्रमाण समजावलं, कमीजास्त झाल्यास होणारे परिणाम समजावले, उष्णतेचं शास्त्र समजावलं. ते ऐकत होते. मग त्यांनी कोपऱ्यातली करवंटी उचलली, एका डब्यातून ओतलं, दुसऱ्यातून ओतलं आणि माडाच्या हिरानं ढवळलं.

“तराजू!” मी ओरडलो.

“काय कांदे जोखूचे आसत?”

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जाऊन त्या चिरेवर नख दाबून पाहिलं. कुठे चिकट नाही, कुठे ठिसूळ नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं काही न बोलता तराजू उचलला, घासला आणि स्वयंपाकघरात नेऊन त्यावर रवा मोजायला घेतला.

संध्याकाळी मेस्त्री उरलेले डबे परत द्यायला आले तेव्हा मी विचारलंच, “हार्डनर नेमका किती घातलात?”

“लागता तेवढो,” ते म्हणाले आणि बिडी पेटवली.