चार तासांसाठी पाठवलेली बाई

परवा संध्याकाळी आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी काम आटोपूनही निघेनात. ओट्यापाशी घुटमळत राहिल्या आणि मग पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. "ताई, जरा बघता का? पुतणीला दुबईला घरकाम मिळतंय. एजंट म्हणतो, आत्ता टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे पोचलीस की कामाचा करून देतो."

पुतणी २६ वर्षांची, नववीपर्यंत शिकलेली, पदरात एक मुलगी. कागद म्हणजे नुसती व्हिसाची प्रत. कुणाच्या घरी काम, किती तास, पगार काय, यातलं काहीच त्यावर नव्हतं.

मी त्यांना बसवलं आणि गेलं वर्षभर मनात सलत असलेली एक गोष्ट सांगितली. आज इथेही सांगते, कारण माझ्या मित्रयादीतल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी दुबईला नाहीतर सिंगापूरला आहे.

गेल्या गणपतीत मी सिंगापूरला भाचीकडे होते. तिचं बाळ दीड महिन्याचं. आरतीला पंचवीसेक माणसं येणार होती आणि उकडीचे मोदक घरीच करायचे असा माझाच हट्ट. भाचीची मैत्रीण म्हणाली, "मावशी, एवढं काय, आमची हेल्पर पाठवते की चार तास." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मुंबईत आमच्या मजल्यावर हेच चालतं. पाहुणे आले की शेजारणीला विचारायचं, "तुमच्या बाईंना जरा पाठवता का?" बाई येतात, वरचे पैसे घेतात, जातात.

ती आली. इंडोनेशियाची, तिशीतली, मोजकं बोलणारी. त्यांच्याकडे क्लेपोन म्हणून एक पदार्थ असतो, तांदळाच्याच पिठाचा, आत गूळ आणि वरून खोबरं. त्यामुळे उकड तिच्या हाताला परकी नव्हती. तिसऱ्या मोदकाला तिच्या कळ्या माझ्यापेक्षा सुबक पडायला लागल्या. मग मोदकपात्राचं झाकण उचलताना वाफेचा झोत थेट तिच्या मनगटावर आला.

मी नळाखाली तिचा हात धरला. फोड उठत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती मला एवढंच सांगत होती, "आंटी, नो डॉक्टर. प्लीज, नो डॉक्टर."

मला वाटलं, पैशांसाठी घाबरतेय. भाचीने मैत्रिणीला फोन लावला. पलीकडून आधी काही क्षण शांतता आणि मग, "क्लिनिकमध्ये सांगा, आमच्याच घरी भाजलं म्हणून." मीच तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, तिने पढवलेलं उत्तर दिलं. मी शेजारी उभी राहून मान डोलावली. माझ्या गणपतीसाठी भाजलेल्या बाईला मी माझ्यासमोर खोटं बोलायला लावलं, हे मला अजून विसरता येत नाही.

त्या रात्री जावयाने तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाचे नियम उघडून वाचून दाखवले. हेल्परच्या कामाच्या परवान्यावर मालक ठरलेला असतो, पत्ताही ठरलेला असतो. त्या मालकासाठी, त्या घरातलं घरकाम, एवढंच कायदेशीर. मैत्रिणीकडे नाही, मालकाच्या दुकानात नाही. पाठवणाऱ्या मालकाला १०,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. परवान्याशिवाय कामाला ठेवणाऱ्याला ५,००० ते ३०,००० डॉलर दंड, किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. "आम्ही पैसे कुठे दिले, मदतच होती ती," हा बचाव चालत नाही. सवलत आहे ती थोडी: मालकाचं लहान मूल किंवा म्हातारे आईवडील सांभाळायला जवळच्या नातेवाइकाच्या घरी तिला ठेवता येतं, तेही रीतसर कळवून.

आमच्या आणि मैत्रिणीच्या वाट्याला बहुधा दंडच आला असता. भरून मोकळे झालो असतो, फार तर पुन्हा हेल्पर ठेवायला बंदी. तिचा मात्र परवाना जाऊ शकला असता आणि घरी पाठवणी झाली असती. यातल्या बहुतेक बायकांच्या पहिल्या काही महिन्यांच्या पगारातून एजन्सीचं कर्ज कापलं जातं. बाकीचा पगार गावाकडच्या पोरांच्या शाळेत जातो. आणि "नाही" म्हणायची सोय तिला होतीच कुठे? मालकिणीने सांगितलं, जा. जिच्या हातात परवाना रद्द करणं आहे तिला नकार द्यायचा कसा? "ती स्वतः आनंदाने आली होती," असं मला नंतर दोघीतिघींनी सांगितलं. मी नाही मानत.

विम्याचंही तेच. तिथे मालकाला हेल्परचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो, वर्षाला किमान ६०,००० डॉलरचा, आणि अपघात विमा वेगळा. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात घरकामगार येतच नाहीत, म्हणजे तिचा आधार हा विमाच. तो खोट्या पत्त्यावर कसा टिकणार? फोडांवर निभावलं. उकळतं पाणी पायावर सांडलं असतं तर?

डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कला आपल्या वाणिज्य दूतावासातल्या एका अधिकाऱ्याला अटक झाली होती, आठवत असेल. आरोप असा होता, की घरकामाच्या बाईच्या व्हिसासाठी दाखवलेल्या करारात तासाला ९.७५ डॉलर, आणि प्रत्यक्षातला दुसरा करार त्याहून कितीतरी कमी पगाराचा. आरोपाचा निवाडा मी करणार नाही. पण आपल्याकडे चर्चा झाली ती अधिकाऱ्याच्या झडतीची आणि देशाच्या मानापमानाची. त्या बाईबद्दल आपण किती बोललो? मीही बोलले नव्हते.

मावशींना मी हे सगळं सांगितलं आणि मग पुतणीच्या कागदाकडे वळले. अमिरातीत २०२२ चा घरकामगार कायदा आहे. आठवड्याची पगारी सुट्टी, दिवसाला १२ तास विश्रांती, वर्षाला ३० दिवस रजा, पासपोर्ट स्वतःजवळ. हे सगळं परवाना असलेल्या बाईला. टुरिस्ट व्हिसावर राबणारी बाई कागदोपत्री कामगारच नसते. तिला पगार बुडाला तरी तक्रार करायची भीती. आणि आपल्याकडचा नियम असा, की दहावी न झालेल्या बाईच्या ईसीआर पासपोर्टवर, म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणाऱ्या पासपोर्टवर, आखातात नोकरीला जायचं तर वय ३० पूर्ण हवं. एजंट टुरिस्ट व्हिसा का काढून देतोय, ते इथे उलगडतं. त्या वाटेने गेली तर २७५ रुपयांत दोन वर्षांसाठी मिळणारा १० लाखांचा प्रवासी भारतीय विमाही तिला नाही.

मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ताई, इथं तरी आमचा कुठं कागद असतो?" नसतो. २००८ पासून महाराष्ट्रात घरेलू कामगार मंडळाचा कायदा आहे आणि माझ्या घरात बारा वर्षं पोळ्या करणाऱ्या बाईंची नोंदणी झाली आहे का, हे मी त्या दिवसापर्यंत विचारलं नव्हतं. पण इथे एक घर सुटलं तर दुसरं धरता येतं, रात्री स्वतःच्या खोलीवर जाता येतं. तिथे घर सुटलं की देशच सुटतो.

पुतणीने एजंटला ४०,००० रुपये आगाऊ दिलेत, मंगळसूत्र गहाण टाकून. त्यामुळे "जाऊ नकोस" म्हणणं मला सोपं आहे, तिला नाही. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरच्या नोंदणीकृत एजंटांच्या यादीत त्याचं नाव मला सापडलं नाही. सोमवारी तिला घेऊन वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात जाणार आहे, तिथे उत्प्रवासी संरक्षकांचं, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी अधिकाऱ्याचं, कार्यालय आहे. मावशींनी त्या दिवसाची सुट्टी मागितली. पगार कापू नका, असंही हळूच म्हणाल्या.