हर्ट्सने लगेच संघ सोडला नव्हता

अमेरिकन फुटबॉलमधल्या अलाबामा विद्यापीठ संघाच्या क्वार्टरबॅकवरून (पास फेकून संघाच्या चाली चालवणारा खेळाडू) वाद पेटला की एक वाक्य हमखास येतं: '८ जानेवारी २०१८च्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात प्रशिक्षक निक सेबनने मध्यंतरात क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला बाहेर बसवलं, आणि तो लगेच ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संघात निघून गेला.' पहिला भाग खरा, दुसरा चुकीचा.

मध्यंतराला प्रतिस्पर्धी जॉर्जिया १३-० ने पुढे होती. हर्ट्सचे ८ पैकी ३ पास पूर्ण झाले होते, मिळाले होते फक्त २१ यार्ड. धावण्यावर गाडी हाकता येत नव्हती, म्हणून फेकणारा हवा होता. हर्ट्सच्या जागी आलेल्या तुआ टॅगोवायलोआने १६६ यार्ड आणि ३ टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवणं) दिले. निर्दोष मात्र तोही नव्हता: एक पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला, आणि जादा वेळेत पहिल्याच डाऊनला (चालीला) सॅक होऊन, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडला जाऊन, १६ यार्ड गमावले. पुढच्याच चालीवर डेव्होन्टा स्मिथला ४१ यार्डांचा टचडाऊन पास, आणि अलाबामा २६-२३ ने जिंकली.

आता हर्ट्स. जून २०१८मध्ये नियम बदलला: चार सामन्यांपर्यंत खेळूनही रेडशर्ट घेऊन (म्हणजे तो हंगाम न मोजता) विद्यापीठाकडून खेळण्याच्या पात्रतेचं वर्ष वाचवता येऊ लागलं. त्याने ती वाट धरली नाही, पाचव्या सामन्यातही उतरला. १ डिसेंबरला एसईसीच्या (अलाबामा ज्या विद्यापीठ-गटात खेळतं तो गट) अंतिम सामन्यात, पुन्हा जॉर्जियाविरुद्धच, तुआ जखमी झाला. २८-२१ अशा पिछाडीवर हर्ट्स आला आणि ३५-२८ असा सामना जिंकून दिला. त्याच महिन्यात पदवी घेतली. ओक्लाहोमाला गेला तो त्यानंतर, २०१९च्या हंगामासाठी, पदवीधर म्हणून. त्यामुळे तेव्हा संघ बदलणाऱ्याला एरवी बसावं लागायचं तसं एक हंगाम बाहेर बसावंही लागलं नाही. तिथे हाइजमनच्या (विद्यापीठ फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मतदानात जो बरो या खेळाडूनंतर दुसरा आला.