भाव आल्यावर कळवा

मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या नशिबी रडगाणी पुष्कळ, पण 'डेटा येतोय, पण दिसत नाही' याची सर कशालाच नाही. हे वाक्य हमखास संध्याकाळी सहाला कानावर पडतं. हिंजवडीतून त्या वेळी निघालो काय न निघालो काय, घरी पोहोचायला रात्रच होणार, त्यामुळे मीही बॅग खाली ठेवतो.

सध्याचं अ‍ॅप कोथरूडच्या एका काकूंचं. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या. आमच्या टीममधल्या नव्या मुलाने फंक्शन लिहिलं: सर्व्हरकडून पदार्थांची यादी मागव, लगेच खालच्या ओळीत ती रिटर्न कर. लॉगमध्ये आधी छापून आलं 'यादीत ० पदार्थ', आणि त्याखाली 'यादी आली'.

"सर, खालची ओळ आधी कशी पळाली?"

पळणारच. सर्व्हरशी बोलणाऱ्या रेट्रोफिट या लायब्ररीचं 'एन्क्यू' फक्त मागणी नोंदवतं आणि मोकळं होतं. उत्तर येईल तेव्हा कॉलबॅकमधलं, म्हणजे 'उत्तर आलं की हे कर' म्हणून देऊन ठेवलेल्या कोडमधलं, 'ऑनरिस्पॉन्स' चालतं. तोवर आपलं फंक्शन रिकामी यादी घेऊन केव्हाच परत गेलेलं असतं.

"मग यादी येईपर्यंत थांबवून ठेवू ना."

आता अँड्रॉइडचा मेन थ्रेड, म्हणजे स्क्रीन सांभाळणारा कामाचा मुख्य धागा, हा सदाशिव पेठेतला दुकानदार आहे. गल्ल्यावर तो एकटाच. सेकंदाला ६० वेळा स्क्रीन रंगवायचा म्हणजे एका खेपेला जेमतेम १६ मिलिसेकंद, शिवाय गिऱ्हाइकाने कुठे बोट लावलं तेही त्यानेच बघायचं. त्याला कुणाची वाट बघत उभं केलंत आणि ५ सेकंद बोटाला दाद मिळाली नाही, की 'अ‍ॅप प्रतिसाद देत नाही' अशी पाटी लागते. २०११च्या हनीकोंब या अँड्रॉइड व्हर्जनपासून तर मेन थ्रेडवरून थेट नेटवर्कला हात लावलात तर 'नेटवर्क ऑन मेन थ्रेड एक्सेप्शन' तोंडावर येऊन आदळतं. एवढं लांबलचक नाव, पण अपमान अगदी थोडक्यात. तेव्हा त्याने घाऊकवाल्याकडे नंबर लिहून ठेवायचा आणि निघायचं. माल आला की ते कळवतील.

मुलाला हे पटलं. इतकं पटलं, की त्याने लॉगिनच्या कॉलबॅकच्या पोटात पत्त्याचा, त्याच्या पोटात पदार्थांचा, त्याच्या पोटात भावाचा कॉलबॅक घातला. कोड उजवीकडे सरकत सरकत स्क्रीनबाहेर गेला. शेवटी नुसतेच बंद होणारे कंस, आणि कुठला कुणाचा हे त्यालाही सांगता येईना. मागणी फसली तर चालणारं प्रत्येक 'ऑनफेल्युअर' रिकामं. "तिथे कधी काही येतच नाही, सर." येईल कसं? सर्व्हरने ४०४, म्हणजे 'सापडलं नाही', म्हणून हाकलून दिलं तरी रेट्रोफिट ते 'ऑनरिस्पॉन्स'मध्येच आणून देतं. नाही म्हटलं असेल, पण उत्तर दिलं ना! हा बाणा पुण्यात तरी समजावून सांगावा लागू नये.

खरी परीक्षा घेतली ती काकांनी. अक्षरं मोठी दिसतील म्हणून त्यांनी फोन आडवा केला. फोन आडवा झाला की अँड्रॉइड चालू अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे समोरची स्क्रीन, मोडून नवी बांधतं. उत्तर मात्र जुनीच्याच नावावर निघालेलं. ते आलं, तिच्यावर 'ऑर्डर मिळाली'चा डायलॉग उघडायला गेलं आणि अ‍ॅप कोसळलं. तोवर कॉलबॅकने धरून ठेवल्यामुळे जुनी अ‍ॅक्टिव्हिटी मेमरीतून हलायलाही तयार नव्हती. मेन थ्रेडला न अडवता काम करून घेण्याची अँड्रॉइडची पूर्वीची सोय म्हणजे 'असिंकटास्क', तिचंही हेच दुखणं. २००९मध्ये आलेल्या त्या बिचाऱ्याला २०२०च्या अँड्रॉइड ११मध्ये निवृत्तीची नोटीस मिळाली.

शेवटी सगळं कोटलिन भाषेच्या कोरूटीनमध्ये, म्हणजे मध्येच थांबून नंतर पुढे चालू होणाऱ्या कोडमध्ये, लिहून काढलं आणि ती स्क्रीनऐवजी व्ह्यूमॉडेलच्या स्कोपला बांधली; फोन आडवा झाला तरी व्ह्यूमॉडेल टिकून राहतं. कोटलिनमधली कोरूटीनची सोय २०१८पासून पक्की झालेली आहे. फंक्शनला 'सस्पेंड' लावा आणि वरून खाली सरळ लिहा. मुलगा खूश: "सुटलो, सर, कॉलबॅक गेले!" कंपायलर प्रत्येक सस्पेंड फंक्शनला 'कॉन्टिन्युएशन' नावाचा एक छुपा पॅरामीटर चिकटवतो आणि तो म्हणजे वेश बदललेला कॉलबॅकच, हे मी त्याला सांगितलं नाही. दिवाळी तोंडावर होती.

नवं व्हर्जन टाकल्यावर काकूंचा फोन आला.

"यादी दिसली हो. पण चकलीसमोर ते गोल गोल काय फिरतंय?"

"लोडिंग आहे, काकू. भाव यायचाय."

"मग मला कशाला बघत बसवताय? भाव आला की फोन करा!" म्हणून त्यांनी ठेवूनही दिला.