लोंढे, गिरण्या आणि परळचा जिना: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया चांगली लांबलचक आहे, तेव्हा खाली दोन ओळी खरडण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहितो. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: गिरणगावातल्या, म्हणजे परळ-लालबागच्या कापड गिरण्यांच्या पट्ट्यातल्या, जमिनीचा वापर बदलला आणि त्यातून लोकलची गर्दी वाढली, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. तुमच्या मते हा उलटा हिशेब आहे. बाहेरून लोंढे आले, माणसं वाढली, म्हणून गर्दी झाली. जमीन बिचारी काय करणार? वर "स्वतः डोंबिवलीहून परळला जाता, म्हणजे गर्दी तुम्हीच" असा टोलाही हाणलाय.

आधी माझी चूक. गिरण्या बंद पडल्या आणि कामगार बदलापूरला गेले, असं मी एका वाक्यात उरकलं होतं. तुम्ही ते बरोबर पकडलंत. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. त्यातले कितीतरी कोकणात, घाटावर आपापल्या गावी परतले. कुणी वडापावची गाडी टाकली, कुणी वॉचमन झाले, आणि पुष्कळ जण चाळीतली खोली धरून तिथेच राहिले. बदलापूर-विरारकडे गेली ती बरीचशी पुढची पिढी, थोरल्याचं लग्न झाल्यावर दहा बाय बाराच्या खोलीत धाकट्याने झोपायचं कुठे म्हणून. ते वाक्य बदललंय.

लोंढ्यांचं मात्र पटत नाही. मुंबई शहर जिल्हा म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा पट्टा. १९७१ च्या जनगणनेत इथे सुमारे ३०.७ लाख माणसं होती आणि २०११ मध्ये ३०.८५ लाख. चाळीस वर्षांत जवळजवळ जैसे थे. मधे आकडा वर गेला, पण २००१ ते २०११ या दहा वर्षांत तो अडीच लाखांनी उतरला. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. माणसं आली, हे कोण नाकारतंय? पण ती राहायला गेली ठाणे-कल्याणच्या बाजूला, आणि मंत्रालय, हायकोर्ट, बँका राहिल्या दक्षिणेला. गर्दी या दोन टोकांच्या मधली आहे. एकही नवा माणूस आला नसता आणि घरं तेवढी लांब गेली असती, तरी गाडी भरलीच असती.

आता परळ. माझे आजोबा लालबागच्या चाळीतून पहिल्या पाळीला चालत जायचे. पहिल्या भोंग्याला चहा बशीत ओतायचा, दुसऱ्याला चप्पल पायात. तिकीट-पास हा प्रकारच नाही. खोलीत दहा-बारा गाववाले पाळीपाळीने झोपायचे, जेवण खानावळीत. हाल होते, त्याचं कौतुक मला करायचं नाही. पण काम आणि बिछाना एकाच वस्तीत होते.

मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला (सरकारी गृहनिर्माण मंडळाला) घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती आली, की वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची. जिच्यावर शेड उभी आहे ती वाटणीतून बाहेर. गिरणीच्या आवारात रिकामं असतं किती? शेडच शेड. म्हणजे बहुतेक जमीन मालकाकडेच. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ही दुरुस्ती मान्य केली. चिमणीच्या जागी काचेची ऑफिसं आली आणि त्यांत बसणारा माणूस चालत येईना, तो लोकलने येऊ लागला. स्टेशनचे जिने मात्र जुनेच, अरुंद. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी, पाऊस कोसळत असताना, एल्फिन्स्टन रोड आणि परळ जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. जमिनीचा वापर कागदावर बदलताना त्या जिन्याची रुंदी कुणी मोजली होती?

"मग नवी मुंबई वसवली, तिने काय झालं?" हा तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो माझ्या बाजूने सगळा जात नाही. कांदा-बटाट्याचा बाजार वाशीला हलवला, तेव्हा व्यापारी, माथाडी, टेम्पोवाले मागोमाग गेले. पण मंत्रालय हललं नाही, उलट नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून आणखी ऑफिसं उभी राहिली. १९९२ मध्ये वाशीच्या खाडीवरून रेल्वे आली आणि घर तिकडे, नोकरी इकडे असा नवा चाकरमानी तयार झाला. तेव्हा जमीन आखून दिली की माणसं आपोआप तिथे कामाला लागतात, असा माझ्या लेखाचा सूर वाटला असेल तर तो मी मागे घेतो.

राहिला डोंबिवलीचा टोला. तुमची माहिती जुनी आहे. आमचं ऑफिस मागच्या वर्षी ऐरोलीला हललं. परळच्या जिन्यावरचं एक डोकं कमी झालं आणि ठाण्याला गाडी बदलण्यासाठी धावणाऱ्यांत एक वाढलं.