उणे पंधरालाही हीट पंप चालतो, प्रश्न दराचा आहे

‘शून्याखाली हीट पंप निकामी’ हे लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. हीट पंप म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या जोरावर ओढून घरात आणणारं यंत्र. नॉर्वे-फिनलंडमध्ये लाखो घरं त्यावरच उबदार राहतात. चांगली गॅस फर्नेस, म्हणजे गॅस जाळून घर तापवणारी भट्टी, गॅसमधल्या ऊर्जेच्या फार तर 95-98 टक्के उष्णता देते. थंड हवेसाठी बनवलेला पंप उणे 15 सेल्सिअसलाही एक युनिट वीज खाऊन साधारण दोन युनिट उष्णता देतो. बाहेरच्या कॉइलवर (हवेतली उष्णता घेणाऱ्या नळ्यांवर) बर्फ धरला की तो वितळवायला पंप काही मिनिटं उलटा चालतो, भसाभस वाफ निघते. तो बिघाड नव्हे!

खरी मेख दरात आहे. तेवढ्याच ऊर्जेसाठी वीज गॅसच्या तिप्पट महाग असेल, तर कडाक्याच्या थंडीत गॅसच स्वस्त पडतो. पण बाहेर 7-8 अंश असताना चांगला पंप विजेच्या तिपटीहून जास्त उष्णता देतो. त्यामुळे चालती फर्नेस घाईने काढू नका, आधी दोन्ही बिलं शेजारी ठेवून दर बघा.