‘पूर्वी सगळे स्वतः वाजवायचे’ म्हणे!

एक मजकूर अधूनमधून फिरत फिरत माझ्यापर्यंत येतो. दर वेळी सोबत वेगळ्या गिटारवाल्याचा कृष्णधवल फोटो, शब्द मात्र साधारण हेच: साठ-सत्तरच्या दशकातले रॉकवाले आपली वाद्यं स्वतः वाजवायचे, एका दमात गाणं रेकॉर्ड करायचे, आवाजाला कसला मेकअप नसायचा, गाणी स्वतः लिहायचे आणि स्टेजवर ऐकू यायचं ते तिथल्या तिथे वाजलेलं असायचं. आता काय, सगळं कॉम्प्युटर करतो.

ती गाणी मलाही जीव की प्राण आहेत. राग येतो तो त्यामुळेच. या चार ओळींत ती गाणी घडवणारी कितीतरी माणसं पुसून टाकली आहेत.

‘आपली वाद्यं स्वतः वाजवायचे.’

बर्ड्‌स या बँडचं ‘मिस्टर टॅम्बोरिन मॅन’ घ्या. मूळ गाणं बॉब डिलनचं. बर्ड्‌सनी ते जानेवारी १९६५ मध्ये रेकॉर्ड केलं आणि पुढे अमेरिका-ब्रिटन दोन्हीकडे ते पहिल्या नंबरावर गेलं. सुरुवातीला बारा तारांची गिटार छनछनते ती बँडच्या रॉजर मॅग्विनची. बस्स. बँडमधल्या दुसऱ्या कुणाचंही वाद्य त्या रेकॉर्डवर नाही. ड्रम्स हॅल ब्लेनचे, बेस (खालच्या सुरांची गिटार) लॅरी नेक्टेलचा. बँडमधले जीन क्लार्क आणि डेव्हिड क्रॉस्बी गायले, पण रिकाम्या हातांनी. पोरं नवखी होती, स्टुडिओचं सेशन युनियनच्या नियमाने तीन तासांचं, त्यात गाणं हातावेगळं व्हायला हवं. मग पगारी वादक बोलावले. कंपनीच्या दृष्टीने साधा हिशोब.

लॉस एंजेलिसमधल्या या वादकांना आज ‘रेकिंग क्रू’ म्हणतात. हे नाव रूढ केलं ते ब्लेनने, १९९० च्या आपल्या आत्मकथनातून. त्याच कंपूत बेस वाजवणाऱ्या कॅरल के यांना ते नाव कधीच पटलं नाही, आणि तसं त्या फटकळपणे सांगत आल्या. ब्लेनचा आवाका बघायचा तर एवढंच पुरे: १९६६ ते १९७१ अशी सलग सहा वर्षं ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’चं ग्रॅमी मिळालेल्या गाण्यांवर ड्रम्स त्याचे आहेत. सिनात्राही त्यात आले आणि सायमन-गारफंकलही.

बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ हा अल्बमही असाच. १९६६ च्या जानेवारीत बाकीचा बँड जपानच्या दौऱ्यावर, आणि इकडे ब्रायन विल्सन याच वादकांना घेऊन स्टुडिओत. दौरा आटोपून मंडळी परतली तेव्हा त्यांच्यासाठी उरलेलं मुख्य काम गाण्याचं होतं.

गंमत म्हणजे त्या काळात हे सगळं निस्तरावं लागलं ते बिचाऱ्या मंकीजना. टीव्ही मालिकेसाठी जमवलेला बँड, पहिल्या दोन अल्बमवर बहुतेक वादन भाड्याचं; पेपरवाल्यांनी झोडपून काढलं. मग १९६७ मध्ये त्यांनी हट्टाने ‘हेडक्वार्टर्स’ स्वतः वाजवून काढला. तो एक आठवडा अमेरिकेत पहिल्या नंबरावर राहिला आणि त्याला खाली ढकललं ते बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ने, म्हणजे स्टुडिओच्या करामतींवर उभ्या असलेल्या अल्बमने.

बीटल्स तरी? ‘लव्ह मी डू’ १९६२ मध्ये तीनदा रेकॉर्ड झालं. जूनमध्ये पीट बेस्ट ड्रम्सवर, ४ सप्टेंबरला रिंगो स्टार, आणि ११ सप्टेंबरला अँडी व्हाइट नावाचा सेशन ड्रमर, म्हणजे रेकॉर्डिंगपुरता पगारी वादक. त्या दिवशी रिंगोच्या हातात खंजिरी दिली होती. आपण कोणतं ऐकतोय हे ओळखणं सोपं आहे: खंजिरी वाजत असेल तर ड्रम्स व्हाइटचे, नसेल तर रिंगोचे. (पीट बेस्टचं फार उशिरा बाहेर आलं, ते सोडा.) पहिल्या अल्बमवर आहे ते खंजिरीवालं.

‘एका दमात रेकॉर्ड करायचे.’

इथे समोरच्याच्या हातात एक हुकमी पत्ता आहे, तो मीच टाकतो. बीटल्सच्या त्या पहिल्या अल्बममधली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात झाली. ‘ट्विस्ट अँड शाउट’ सगळ्यांत शेवटी ठेवलं, कारण ते गाणाऱ्या जॉन लेननचा घसा बसलेला होता आणि ते गायल्यावर दुसरं काही गाता आलं नसतं. ती खरखर ऐकली की आजही अंगावर काटा येतो. पण त्याच अल्बमसाठी नऊ दिवसांनी निर्माते जॉर्ज मार्टिन बसले आणि ‘मिझरी’वर पियानो, ‘बेबी इट्स यू’वर चेलेस्टा (घंट्यांसारखा वाजणारा छोटा पियानो) त्यांनी नंतर चढवला. बँड तेव्हा स्टुडिओत नव्हता.

आणि तीन-चार वर्षांत हीच माणसं कुठे पोचली? ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ हेडफोन लावून ऐका. साधारण एका मिनिटाला खालची जमीन किंचित सरकल्यासारखी वाटते. तिथे टेपला सांधा आहे. लेननला एका टेकची, म्हणजे गाण्याच्या एका रेकॉर्डिंगची, सुरुवात आवडली होती आणि दुसऱ्याचा शेवट. ‘जोडून टाका’, असं त्याचं म्हणणं. दोन्हींची पट्टी वेगळी, लय वेगळी. मार्टिन आणि इंजिनिअर जेफ एमरिक यांनी एका टेपचा वेग वाढवला, दुसरीचा कमी केला. टेप हळू फिरवली की लय आणि पट्टी दोन्ही उतरतात, जोरात फिरवली की दोन्ही चढतात. नशिबाने या दोन टेकमधला फरक असा होता, की एकाच युक्तीने दोन्ही गोष्टी जुळून आल्या. मग कापून चिकटवलं. याला कॉपी-पेस्ट म्हणायचं नसेल तर कशाला म्हणायचं? फक्त इथे पेस्ट म्हणजे खरोखरची चिकटपट्टी.

बीच बॉइजचं ‘गुड व्हायब्रेशन्स’ तर १९६६ मध्ये कित्येक महिने, वेगवेगळ्या स्टुडिओंत तुकड्या-तुकड्याने रेकॉर्ड करून मग शिवलेली गोधडी आहे. आणि एकावर एक थर चढवण्याची ही विद्या त्याहून जुनी. गिटारवादक लेस पॉल आणि गायिका मेरी फोर्ड यांनी १९५१ च्या ‘हाऊ हाय द मून’मध्ये दोन माणसांचा अख्खा वाद्यवृंद करून दाखवला होता.

‘आवाजाला मेकअप नव्हता.’

मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स यांनी १९५४ मध्ये एल्व्हिसचा आवाज टिपला, त्यातला तो झटपट परतणारा प्रतिध्वनी खोलीचा नाही. टेप मशीनमध्ये आधी रेकॉर्डिंगचं हेड, पुढे ऐकवणारं हेड. टेपला मधलं अंतर कापायला सेकंदाचा लहानसा अंश लागतो. तेवढ्या उशिराने आलेला आवाज मूळ आवाजात मिसळला. लेननला तर स्वतःचा नुसता आवाज आवडायचा नाही. तीच ओळ दोनदा गाऊन आवाज दाट करायचा, पण दोनदा गायचा कंटाळा. म्हणून १९६६ मध्ये केन टाउनसेंड या इंजिनिअरने दुसरी टेप जोडून एकाच गायनाचं आपोआप दुहेरी करणारी युक्ती काढली. ‘व्हेन आय एम सिक्स्टी-फोर’मध्ये बीटल्सचाच मॅकार्टनी कोवळा वाटावा म्हणून टेपचा वेग वाढवला आहे.

बेसूर आवाज सुरात बसवणारं ऑटो-ट्यून १९९७ मध्ये आलं, हे खरं. तसं यंत्र आधी नव्हतं, हेही खरं. पण ‘मेकअप नव्हता’ हे काही त्यातून निघत नाही.

‘गाणी स्वतः लिहायचे.’

काही लिहायचे. ‘हाउंड डॉग’ लिबर आणि स्टोलर या गीतकार जोडीने बिग मामा थॉर्नटन या गायिकेसाठी लिहिलं होतं, एल्व्हिसने ते नंतर घेतलं. रोलिंग स्टोन्सच्या १९६४ च्या पहिल्या अल्बमवर बँडमधल्याच जॅगर-रिचर्ड्स जोडीच्या नावावर एकच गाणं आहे. लेड झेपेलिनच्या ‘होल लोटा लव्ह’मध्ये आपले शब्द उचलले म्हणून ब्लूज गीतकार विली डिक्सन यांना १९८५ मध्ये कोर्टाची पायरी चढावी लागली, १९८७ मध्ये तडजोड झाली, आणि मग गाण्याला त्यांचं नाव लागलं. ‘स्वतः’ या शब्दाची किंमत त्यांना विचारा.

‘स्टेजवर सगळं खरं.’

द हू हा बँड ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’ १९७१ पासून स्टेजवर वाजवायचा तेव्हा त्यातली ती थरथरणारी सिंथेसायझरची लकेर टेपवरून यायची. कीथ मूनसारखा वादळी ड्रमर कानाला हेडफोन लावून त्या टेपच्या तालावर वाजवत बसायचा. क्वीनने १९७५ च्या अल्बमवर ‘सिंथेसायझर नाहीत’ असं ठसक्यात छापलं होतं. त्याच अल्बममधल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा ऑपेराचा भाग आला की मैफलीत चौघेही स्टेज सोडून जायचे, वर दिव्यांचा खेळ, खाली टेप. लोकांना ते माहीत होतं आणि कुणाचं काही बिघडलं नाही. त्याच वर्षीच्या किसच्या ‘अलाइव्ह!’ या ‘लाइव्ह’ अल्बमला नंतर स्टुडिओत बरीच डागडुजी झाली.

‘आता सगळं कॉम्प्युटर.’

एक फरक मी मान्य करतो. तेव्हा टेपवर चारच ट्रॅक, म्हणजे आवाजाचे वेगवेगळे पट्टे. ते भरले की एकत्र करून दुसऱ्या टेपच्या एका ट्रॅकवर उतरवायचे आणि उरलेल्या तीन ट्रॅकवर पुढचं काम. एकदा एकत्र झालेला बेस आणि ड्रम पुन्हा वेगळा काढता येत नसे. निर्णय घ्यायचा तो तिथेच, आणि चुकला तर चुकला. ती शिस्त आज सक्तीची नाही. पण कुणाला हवी असेल तर कुणी अडवलेलं नाही. व्हाइट स्ट्राइप्सचा २००३ चा ‘एलिफंट’ लंडनच्या टो रॅग स्टुडिओत आठ ट्रॅकच्या टेपवर झाला आणि कॉम्प्युटर वापरला नसल्याचं अल्बमवर छापलं आहे. ‘सेव्हन नेशन आर्मी’ त्यातलंच, स्टेडियममध्ये सगळे ओरडतात ते. आणि त्याची ती प्रसिद्ध बेसची लकेर बेसची नाहीच. या दोघांच्या बँडमध्ये बेस वाजवणारं कुणी नव्हतं. जॅक व्हाइटने गिटारच वाजवली आणि डिजिटल पेडलवर पाय ठेवून ती एक सप्तक खाली उतरवली.